मुठीतली ऊब

ता. ९ फेब्रुवारी

चि. डॉक्टरीणबाईस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

खुशाली काय कळवू? पुढच्या खोलीत कोंबडीची एकशेचाळीस पिल्लं होती, आज अकरा उरलीत. मान पिळवटून गोलगोल फिरतात, चोच उघडी टाकून धापा टाकतात. मानमोडीच, दुसरं काय! सारखी पायात घोटाळणारी ती लंगडी काल माझ्या मांडीवरच गेली.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, डोळ्यात लशीचे थेंब घालून कुठे रोग पळतो होय? पण मागच्या खोलीतल्या वीस कोंबड्या, ज्यांना तू सुट्टीत आलीस तेव्हा थेंब घातलेस, त्या ठणठणीत आहेत. पुढच्या पिल्लांना मी घातले. तीच लस, तोच झाडू, दाणे टाकणारा हातही तोच. मी तर जास्तच जपलं गं. बर्फाच्या डब्यातली बाटली इतकी गार, की पहिलं पिल्लू शहारलं. मग ती चुलीशेजारी ठेवली, मुठीत धरून कोमट केली. लहानपणी तुझ्या कानात औषध घालायच्या आधी करायची, तशी. पुढे एकानंही अंग चोरलं नाही.

माझं काय चुकलं ते खरं कळव. लोभ आहेच, तो विचारून घ्यायचा नाही.

तुझी आत्या


ता. १६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लसच खराब निघाली असं लिहून पाकीट चिकटवलं होतं. मग फाडलं. तू पुन्हा पिल्लं आणशील आणि पुन्हा मूठ आवळशील.

आत्या, या लशीत मानमोडीचाच विषाणू असतो, दुबळा केलेला, पण जिवंत. पिल्लाचं अंग त्याच्याशी झटापट करून शिकतं; खरा रोग आला की त्याला ओळखून अडवतं. उबेनं तो विषाणू मरतो. तू घातलेस ते नुसते पाण्याचे थेंब होते. बाटली शेवटच्या थेंबापर्यंत बर्फातच हवी होती.

चूक माझीही आहे. लशीसोबतच्या चिठ्ठीवर 'थंड ठेव' लिहिलं, 'थंडच घाल' लिहिलं नाही. तुझ्या हाताची सवय मला नाही तर कुणाला ठाऊक? ते कानातले कोमट थेंब अजून आठवतात.

आजारी पिल्लांना आता लशीचा उपयोग नाही. त्यांना वेगळी ठेव. माझ्यावर रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी भाची


ता. ३ मे

चि. डॉक्टरीणबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही. रागावले नव्हते. आपल्याच हातांकडे बघत बसायची. ती अकराही गेली.

शेजारणीला मीच कुंपणाशी बोलावून सांगितलं, लस खोटी नव्हती, मी ती मारली. ती म्हणाली, तुमच्या मायेला जरा बर्फ लावा. आणि काल थेंब घालून घ्यायला स्वतःच्या कोंबड्या पाटीत घेऊन माझ्या दारात हजर!

खोली धुऊन, महिनाभर मोकळी ठेवून नवी साठ पिल्लं आणली. बाटली बर्फातच ठेवली. एकेक पिल्लू थेंबासरशी शहारायचं, मी पापणी मिटेपर्यंत धरून ठेवायची. बोटं बधिरली. मूठ आपोआप वळायला जायची, मी उघडायची. शेवटून दुसऱ्या पिल्लाचा पाय वाकडा निघाला, अगदी लंगडीसारखा. त्याला बराच वेळ पदरात धरलं.

थेंब मात्र गारच घातला.

आत्या