आमी हाय

आई, शुक्रवारी आमच्या बँडचा दुसरा अल्बम येतोय आणि त्यातल्या एका गाण्यात तुझे दोन शब्द आहेत. तुला विचारलेलं नाही. तू जाऊन सोळा वर्षं झाली, विचारणार कोणाला? आणि असतीस तरी नको म्हणाली असतीस, तेही कालथा उगारून. बँड म्हणजे लग्नाच्या वरातीतला नव्हे. आम्ही चौघं आहोत, बोईसरला एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर सराव करतो. खाली लोखंडी कपाटं रंगवतात, त्यामुळे रंगाचा वास कायम घशात बसलेला असतो. आमच्या गाण्याला नियो-सोल म्हणतात. तुला समजेल असं सांगायचं तर, ठेका पुढे चालत राहतो आणि गाणारीने त्याच्या जरा मागून रेंगाळत यायचं, कुठे पोचायची घाईच नसल्यासारखं. तू म्हणाली असतीस, आळशांचं गाणं.

तुझी बोली तू मला कधी दिलीच नाहीस, हे आज सरळ बोलायचं आहे. सातपाटीच्या आपल्या स्वयंपाकघरात मी सहा-सात वर्षांची बसले आहे, तू तव्यावर बोंबील परतते आहेस आणि मी म्हणते, "मला भूक नाय." तोच कालथा सपकन माझ्या पोटरीवर बसतो, गरम तेलासकट. "'नाय' नाय बोलायचं! 'नाही' बोलायचं. नाय बोलत राहिलीस तर माझ्यासारखी टोपली उचलशील जन्मभर." तुला स्वतःला ते 'नाही' कधी नीट जमलं नाही. म्हणताना तुझं तोंड काटा अडकल्यासारखं व्हायचं. त्याच दिवाळीला तू रेडिओ आणलास. शेजारणींना वाटलं, पोरीला गाण्याची हौस आहे. तू मला बातम्यांपुढे बसवलंस आणि म्हणालीस, "ही बाई बोलते ना, तशी बोल." मी तशी बोलायला लागले. गाणी ऐकायची ती तू बाजाराला गेल्यावर.

तू पालघरला दारोदार मासे विकायचीस. आतून कोणी "कोण?" विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं, "आमी हाय." एकटीच असायचीस, तरी आमी. मी आठवीत असताना एकदा मैत्रिणीच्या घरी पोहे खात बसले होते. ती माणसं सांगलीकडची, वडील तारापूरच्या कारखान्यात. बाहेरून "आमी हाय" ऐकू आलं आणि माझा घास तोंडातच राहिला. मैत्रिणीची आई हसत, तुझी नक्कल करत म्हणाली, "कोण हाय?" दार उघडलं, तू मला पाहिलंस, मी उठायला लागले. तेवढ्यात तू माझ्याकडे बोट करून त्या बाईंना विचारलंस, "ही कोणाची पोर? गोड हाय हो." मी परत खाली बसले. संध्याकाळी घरी तू केवढी खूश होतीस. "कोणाला कळलं नाय ना?" मी म्हणाले, "नाही." अगदी स्वच्छ म्हणाले. मला त्या दारात येऊन तुझ्या टोपलीला हात लावायचा होता, आई, आणि तू मला तेवढा वेळ दिला नाहीस. तू त्याला माया समजायचीस. मी अजून त्याला माया म्हणू शकत नाही.

पहिला अल्बम मी तुझ्या रेडिओवालीच्या मराठीत गायले. लोक म्हणाले, उच्चार किती स्वच्छ! आणि पुन्हा कोणी ऐकला नाही. एकाने लिहिलं, ही गायिका कुठलीच वाटत नाही. ते वाचून मी आठवडाभर जेवले नीट नाही, कारण ते खरं होतं. म्हणून या खेपेला "आमी हाय" पुढे केलं. सगळं गाणं त्या दोन शब्दांभोवती, पाच मिनिटं, सावकाश. आमच्या कीबोर्डवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जाहिरातीत छापलंय, 'मातीतला अस्सल आवाज'. आपल्या घराभोवती माती होती कुठे? वाळू होती. पण मी ते तसंच राहू दिलं. ज्या बोलीसाठी मार खाल्ला तिच्यावर आता टाळ्या पडणार, याचा मला आनंद झाला होता. तुझी जिरवल्याचा आनंद.

गेल्या रविवारी सातपाटीला जाऊन मावशीला गाणं ऐकवलं. ती अंगणात बसून सुके बोंबील निवडत होती. फोन कानाला लावून तिने थोडं ऐकलं आणि विचारलं, "कोण हाय ही?"

"मीच आहे, मावशी. आईसारखं वाटतं ना?"

"तू? मला वाटलं नाटकातली कोळीण." मग माझं तोंड बघून जरा नरमली. "सूर चांगला हाय गो. पण आमी एवढं लांब नाय बोलत. दारात उभं राहून एवढं लांबवलं असतं तर मासे नासले असते. तुझी आई टोपली पायरीवर टेकायची नि बोलायची. दम संपलेला असायचा तिचा. तू दम भरून बोलतेस."

दुसऱ्या दिवशी बोईसरला गेले आणि म्हटलं, गाणं पुन्हा रेकॉर्ड करू. पाण्याचा भरलेला जार उचलला. डोक्यावर पेलवला नाही, कमरेवर घेतला. लोखंडी जिन्याने तीनदा खालीवर केलं. चौथ्यांदा वर आले. जार टेकला आणि माईकपुढे तोंड नेलं. दम संपलेला, डोकं रिकामं, आणि माझ्या तोंडून निघालं, "आम्ही आहोत."

आमचा ड्रमवाला बिहारचा, त्याला तुझ्या रेडिओचं काही माहीत नाही. तो म्हणाला, "दीदी, ये तो समाचार हो गया." सगळे हसले. मीही हसले. नंतर आणखी चार वेळा करून पाहिलं. विचार करून म्हटलं की "आमी" यायचं पण नाटकातलं, आणि दम लागला की त्या बातम्यांवाल्या बाई बोलायच्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तुझं शिकवणं फुकट गेलं नाही, आई, एवढं खरं. शुक्रवारी आधी रेकॉर्ड केलेलंच, खोटं "आमी हाय" बाहेर पडणार आहे आणि लोक त्याला अस्सल म्हणणार आहेत. चूक ओळखणारी मावशी तेवढी एक, आणि ती काही अल्बम ऐकत बसत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. तरी लिहून झाल्यावर एकदा वाचून काढलं. वर, मायेच्या त्या वाक्यात, रागाच्या भरात मी "म्हणू शकत नाय" लिहून गेले होते. आपोआप आलं होतं, घाईत, तुझं येत असे तसं. खोडून "नाही" केलं.