गूळ खाल्ल्यानंतरचा कर

पौड, ता. मुळशी
सोमवार, १२ मार्च १९६२

चि. भिवाजीस,
अक्काचे आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल आहेत. गाय व्याली, कालवड झाली. तुझा खोकला कसा आहे?

आता कामाचं. दिवाळीला येऊन तू तुझ्या दाजींना विक्रीकर शिकवून गेलास. आधी भांड्यांची नक्त किंमत लिहायची, तिच्याखाली शेकडा तीन कर, मग बेरीज. पुण्यात असंच करतात म्हणालास. करत असतील. पण पुण्यात भाव ठरला की गूळ वाटतात का? तुला ते सुचलं नाही, आणि जन्म पौडात गेलेल्या तुझ्या दाजींनाही नाही.

गेल्या आठवड्यात चांद्याचे कोंडिबा लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला दुकानात आले. हंडा, घागरी, परात, सगळं वाजवून पाहिलं. घासाघीस होऊन दीडशेवर ठरलं. दाजींनी रीतीप्रमाणे हातावर गूळ ठेवला, कोंडिबांनी तो खाल्ला आणि पैसे पुढं केले. तेव्हा हे म्हणतात, "कराचं साडेचार रुपये वर द्या."

"गूळ खाल्ल्यावर भाव वाढतोय व्हय?"

"भाव न्हाई वाढला. सरकारचा कर हाय त्यो, आमच्या मेव्हण्यानं शिकवलाय."

"सरकार हितं गूळ खायाला बसलं नव्हतं," कोंडिबा म्हणाले. "दीडशे तुमी बोलला." आणि भांडी तिथंच ठेवून निघून गेले.

कर घ्यायला माझी ना नाही. पण तो धरून आधीच एकशे साडेचौपन्न बोलायचं आणि मग गूळ वाटायचा, एवढं दोन शहाण्या पुरुषांना कळू नये? दाजींना विचारलं तर म्हणतात, भिवाजीनं सांगितलं तसंच केलं. डोकं फिरायची पाळी आली आहे माझी.

नुसतं गिऱ्हाईक गेलं असतं तर मी पत्र लिहायला बसले नसते. या कोंडिबांच्या थोरल्याला आपली गोजरा दाखवली होती. पसंतीही आली होती. सुपारी फुटली की तुला कळवायचं म्हणून थांबले होते. आता निरोप आला आहे, गूळ खाऊन शब्द फिरवणाऱ्या घरची सोयरीक नको. गोजरा दुकानात बसून पुसलेलीच भांडी पुन्हा पुसते. तिला मुलगा आवडला होता, भिवा. तिच्याकडे बघून मला रडू येतं.

काल मीच चांद्याला गेले. मुलाच्या आईनं, रत्नाबाईंनी, चहा दिला. म्हणाल्या, "पोर लई चांगली हाय, आमी कुटं न्हाई म्हणतोय? पर मालक अडून बसल्यात. ज्यानं ह्यो कर शिकवला त्यानंच येऊन पुन्यांदा गूळ वाटावा, म्हणत्यात."

तेव्हा येत्या रविवारी ये. रजा नाही, साहेब सोडत नाही, काही सांगू नकोस. भांडी दीडशेलाच द्यायची, कर आम्ही पदरचा भरू, हे मी दाजींकडून कबूल करून घेतलं आहे. तू फक्त गूळ वाट आणि तोंड बंद ठेव. नक्त हा शब्द त्या घरात काढायचा नाही. लग्नात गोजरेच्या पाठीशी मामा म्हणून तुला उभं राहायचं असेल, तर आधी कोंडिबांच्या दारात उभा राहा.

वर सगळे खुशाल आहेत असं लिहिलं, ते खरं नाही.

गूळ पुण्याहून आण, चांगला पिवळा. त्यावर कर पडला तर तो मला सांगू नकोस.

तुझ्यावर रागावलेली आणि रविवारी वाटेकडे डोळे लावून बसणारी,
तुळजाअक्का