बस करा रे, आग मेली

बाबा, आज माय सीताफळ खाऊन राह्यली आहे. तुमी गेल्यापासून तिनं ते फळ घरात येऊ देल्लं नव्हतं. बोरी अरबच्या बाजारात टोपल्या दिसल्या की नाकाले पदर लावून पुढं निघे. तुमाले निमोनिया झाला त्याच्या आदल्या हप्त्यात, सर्दी असताना, तुमीच मागतलं म्हणून तिनं पिकलेलं सीताफळ तुमच्या हातात देल्लं होतं. तेरवीले आत्या सगळ्याईसमोर बोलली, "सर्दीत कोनी सीताफळ देते काय वो? इतकं थंड फळ!" 

मी आता यवतमाळले कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. परवा भाकरी थापता थापता माय म्हणे, "तुह्या पुस्तकात सीताफळ लिहून आहे काय?" म्हटलं, नाही, जंतू लिहून आहे. "जंतू तं औषधानं मेले, डॉक्टरच म्हणे. मंग हे काहून गेले?" मले पुस्तक उघडावं लागलं नाही. तुमी जमादार होते त्या नेरच्या कापसाच्या जिनिंगमधली ती दुपार आठवली. मी अन् माय तुमचा डबा घेऊन फाटकात उभे, आणि कापसाच्या गंजीले आग लागते. सारे पाइप घेऊन धावतात. आग विझते, तरी कोनी थांबत नाही, भेवानं पाणी मारणं चालूच. तुमी खांद्यापर्यंत हात गंजीत खुपसता, इथं चाचपता, तिथं चाचपता, आणि ओरडता, "बस करा रे! आग मेली, आता कापूस मारता काय?" कोनीतरी म्हणते, "जमादार, हात भाजला तं?" तुमी म्हणता, "मंग मारजा पाणी, माह्या हातावर."

मायले म्हटलं, फुफ्फुसातही असंच होते. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी धावून येतात, जहर ओकतात, जंतूले मारतात. पण त्याच जहरानं आपल्याच हवेच्या बारीक फुग्यांच्या भिंती भाजतात, आत पाणी भरते, श्वास कोंडते. म्हणून शरीरानं आवरणाऱ्या पेशीही ठेवल्या आहेत. त्या बस म्हणतात, पाइप बंद करायले लावतात, भिंती सांधायले मदत करतात. मेलेल्या पेशींचा कचरा खाऊन टाकणाऱ्या अजून वेगळ्या. बाबाच्या छातीत आग मेली होती, माय. पाणी थांबलं नाही. याच्यात सीताफळ कुठंच नाही.

तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटवली नाही. मंग म्हणे, "म्हंजे ह्याईच्या आत ह्याईच्यासारखं कोनी नव्हतं." इतकं शिकून मले हे वाक्य सुचलं नसतं, बाबा.

आज ती स्वतः टोपली घेऊन आली. ओट्यावर बसून बिया थुंकत आत्याले फोनवर सांगून राह्यली, "हो बाई, सीताफळच खाऊन राह्यली. या तुमीबी, तुमाले सर्दी असली तरी या." आणि हसली. मंग एक फळ फोडून अर्धं माह्यापुढं केलं. मी म्हटलं, पोट भरलं, उद्या खातो.

हा कागद कुठंच जाणार नाही, म्हणून लिहितो. पोट भरलं नव्हतं. मले कालपासून सर्दी आहे.