गूळ दिला, पाणी नाही

जत, एप्रिल १९४५. मंगळवार, दिवेलागण.

आज सासूबाईंचे भाऊ उन्हातून चालत आले आणि आम्ही त्यांच्या हातावर नुसता गूळ ठेवला. पाणी नाही. या घरात असं कधी झालं होतं का?

घागर दुपारीच संपली. ह्यांनी संपवली. लढाईत डोक्याला मार बसला तेव्हापासून ह्यांची तहान भागतच नाही. प्यायचं, लगेच बाहेर जाऊन यायचं, की पुन्हा प्यायचं. सासूबाई म्हणायच्या, "खोड हाय ही. पाणी तोडलं की मोडंल." मिरजेचे डॉक्टर परवा म्हणाले, पाणी तोडाल तर माणूस जाईल. मेंदूच्या तळाशी अंगातल्या पाण्याचा ताबा ठेवणारी जागा असते, तीच दुखावली आहे. तपकिरीसारखी नाकात ओढायची पूड आहे म्हणे, पण ती विलायतेहून येते, आणि लढाईमुळे येतच नाही. मग मी काय करू? विहिरीत तर गाळच उरलाय.

मामा गूळ हातात धरून बसून राहिले. ओठ पार सुकलेले. सासूबाईंनी मान खाली घातली तेव्हा त्यांना उमगलं. "ऱ्हाऊ दे गं आक्का, मला न्हाई तहान."

ह्यांच्या उशाशी तेवढा एक तांब्या भरलेला होता. पूर्वी दारात कुणी आलं की पाणी द्यायला हेच आधी उठायचे. आजही उठले. तांब्या उचलला, मामांच्या हातातल्या गुळाकडे पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड करून सगळा पिऊन टाकला. रडत रडत.