दाराचं भोक आणि बाबांचा तळवा

मंगळवार, ४ मार्च
बोट आरपार गेलं! गिऱ्हाइकाच्या जुन्या व्हॅनचं दार, खालून गंजलेलं, मी जरा दाबून बघितलं — भोकच! आणि मी चक्क म्हणाले, "ठेवून जा, करते." माझं तोंड आधी बोलतं, डोकं मागून येतं.

वेल्डिंग मला येत नाही. बाबांनी शिकवलंच नाही. "ठिणग्यांनी माझे डोळे खाल्ले, तुझे नकोत." त्यांना आता माणूस दिसतो, चेहरा नाही. म्हणून गॅरेज विकायला काढलंय. घेणारा रविवारी उत्तर मागायला येणार. "तू एकटी काय करशील?" म्हणतात. हे दार करून दाखवतेच! काचतंतूंची फायबर मॅट, ती चिकटवायला रेझिन, वरून पुट्टी. ठिणगी नाहीच.

बाबा म्हणाले, "पत्र्याला मलमपट्टी!"

बुधवार, ५
चकचकीत पत्रा लागेपर्यंत गंज घासला. भोक बटणाएवढं होतं, बशीएवढं झालं. छान!

गुरुवार, ६
फजिती! घाईघाईत रेझिन घट्ट करणारा हार्डनर दुप्पट ओतला. रेझिनचा वाटीतच दगड. ब्रश उचलला तर त्याच्याबरोबर वाटीही वर! हसून हसून खालीच बसले. आई दारात उभी — "ती माझी वाटी ना?"

"होती."

तीही हसली. मग आठवण आल्यासारखी रागावली. दुपारी दुसरी वाटी पळवली, हार्डनर थेंब थेंब मोजला, आतून मॅट चिकटवली. बसली! घट्ट बसली!

शुक्रवार, ७
पुट्टी, घासणं, पुट्टी, घासणं. केसांत धूळ, नाकात धूळ, चहातसुद्धा. आई म्हणते, "ही पांढऱ्या केसांची पाहुणी कोण?" संध्याकाळी प्रायमर मारला. भोक गायब! दहा वेळा उठून बघून आले. स्वतःच्याच कामाच्या प्रेमात पडलेय, इलाज नाही.

शनिवार, ८
परीक्षा! बाबा हाताने बघतात. पत्र्यावर पातळ फडकं टाकायचं आणि वरून तळवा फिरवायचा. फडक्याखाली केस असला तरी त्यांना लागतो. आज दोनदा फिरवला.

"बरं आहे."

बरं आहे!! बाबांचं 'बरं आहे' म्हणजे दुसऱ्यांच्या टाळ्या. व्हॅनभोवती तीन फेऱ्या नाचले. गॅरेजबद्दल मात्र अवाक्षर नाही.

रविवार, ९, सकाळ
राहवेना. फडकं टाकलं, डोळे मिटले, तळवा फिरवला. खालच्या कडेला उंचवटा! बारीक, पण आहेच. मला लागला, तर बाबांना काल लागला नसेल? तशीच गेले आणि सांगून टाकलं, "बाबा, दार चुकलंय."

"खालची कड," ते म्हणाले. "तुझ्या हाताला कधी लागतंय, तेच बघत होतो. जा, घास. त्या घेणाऱ्याला मी नाही म्हणून सांगतो."