वाचादान

११ जानेवारी १९७४, नीरहळ्ळी

पोहोचले एकदाची! अक्कलकोटपासून एस.टी.ने असे हिसके दिले की महिपतीची टोपी उडून माझ्या मांडीत पडली आणि मी हसत सुटले. तो मात्र वाटभर घुम्यासारखा बसून होता. माझा धाकटा भाऊ. सोडायला आला, हेच पुष्कळ.

खोली झकास आहे. पूर्वेला खिडकी, टेबल, नवा कंदील. मठ यादवांच्या काळातला. काळ्या दगडाचा चौक, भोवती ओवऱ्या. ना लिंगायतांचा, ना नाथांचा. यांची वाट वेगळीच, मौनाची. घंटा झाली की बोलायचं, दुसरी झाली की गप्प. जेवताना एकजण पोथी वाचतो, बाकीचे माना खाली घालून ऐकतात. नववीच्या मुलींना मी युरोपातल्या बेनेडिक्टच्या साधूंचे मठ शिकवायचे, तेव्हा त्यांची दिनचर्या अगदी अशीच सांगायचे. आपल्याच जिल्ह्यात तसा मठ असेल असं स्वप्नातही नव्हतं!

कारभारी गुरुसिद्धप्पा मोठे अदबशीर. त्यांनी मला या मठाचा इतिहास लिहायला बोलावलंय. शाळेतली नोकरी सुटल्यापासून कुणी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वांगं खाऊन लिहायला बसलेय. विजयमालाबाई, लागा कामाला!

१४ जानेवारी

आज संक्रांत. सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली असेल. नवी पेठेत आमच्या दुकानावरच्या माडीत पाहुण्यांची दाटी झाली असेल, आणि त्या पाहुण्यांसमोर मी नको होते. लिहूनच टाकते.

मानसिंगला, महिपतीच्या मुलाला, नातेपुत्याची मुलगी सांगून आली होती. मुलीच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, पोराला काही दुखणं-बिखणं? मी सांगितलं, लहानपणापासून फिट येते. लग्न मोडलं. रंभावहिनीने माझ्यापुढे ताट आपटायला सुरुवात केली. महिपती एवढंच म्हणाला, "अक्का, तुझ्या जिभेला हाड न्हाय." आणि आठवड्याच्या आत त्याने हे काम शोधून आणलं.

एका परक्या पोरीचा जन्म फुकट जाणार होता. मी खरं बोलले. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच बोलेन.

१९ जानेवारी

आज गुरुसिद्धप्पांनी मठाच्या स्थापनेची हकिकत सांगितली. इथल्या एका नायकाने गादीसाठी थोरल्या भावाला मारलं. त्यांच्या आईने भर दरबारात ते बोलून दाखवलं. आईला मारता येईना. तेव्हा एक मौनी साधू आला आणि म्हणाला, तिची वाचा मला दान दे. नायकाने आईला पालखीत घालून इथे आणून सोडलं. त्या दिवसापासून त्याच्या घरात शांतता नांदली, रोगराई गेली, वंश वाढला. त्याने साधूला हे गाव इनाम दिलं. याला वाचादान म्हणतात.

मी विचारलं, त्या आईचं काय मत होतं? ते म्हणाले, त्याची कुठे नोंद नाही. मी तोंडावरच म्हटलं की हे इनाम म्हणजे आईला गप्प बसवल्याची बक्षिसी! मला वाटलं, रागावतील. ते शांतपणे म्हणाले, तसं लिहा, बाई. खुशाल लिहा.

२५ जानेवारी

चौकापलीकडच्या ओवरीत बायका राहतात. मला वाटायचं, भक्तिणी असतील. एकही बोलत नाही, घंटा होऊनसुद्धा.

आज स्वयंपाकीण काशम्माला विचारलं. ती पगारावर आहे, तिला बोलायला मुभा आहे. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि हळूच त्यांच्यातल्या एकीकडे, अक्कम्माकडे, बोट केलं. "ती लग्नात गानी म्हनायची बगा. लई ग्वाड. सुनंची गाऱ्हानीबी गान्यातच गायची. मग ल्येकानं आनून सोडली."

मी म्हटलं, मग आता का गात नाही?

"हितं आवाज ऱ्हात न्हाय की वो, बाई."

अक्कम्मा उन्हात ज्वारी निवडत होती. मी जवळ जाऊन बसले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. जीभ जागेवर, दात जागेवर. गळ्याची घाटी वर-खाली होत होती, गाणं म्हणताना होते तशी. मान डोलत होती. आवाज मात्र नव्हता. श्वासाचासुद्धा नाही.

२९ जानेवारी

दोन घंटांमधली वेळ कमी झालीय. सुरुवातीला गुरुसिद्धप्पांशी तासभर बोलणं व्हायचं. आज मी वाक्य सुरू केलं आणि दुसरी घंटा झाली. त्यांना विचारलं, तर म्हणाले, सातशे वर्षांत घंटेची वेळ बदललेली नाही.

घसा दुखत नाही. ताप नाही. तरी सकाळपासून स्वतःशी काही पुटपुटले नाही, हे आत्ता लक्षात आलं. मी तर अंघोळीलासुद्धा बडबडत असते.

२ फेब्रुवारी

काशम्माला भाकरी भाजू लागत होते. तवा मनगटाला चिकटला. कातडी सोलून निघाली.

मी ओरडले. काशम्माची पाठ माझ्याकडे होती. ती वळली नाही. मी पुन्हा ओरडले. ती गुणगुणत भाकरी थापत राहिली.

मग तिच्या हाताला हात लावला तेव्हा तिने पाहिलं. माझ्या भाजलेल्या हाताकडे नाही, आधी तोंडाकडे पाहिलं. आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

४ फेब्रुवारी

सकाळी पिशवी घेऊन सरळ फाट्यावर गेले. कुणी अडवलं नाही. एस.टी. आली, चढले. कंडक्टरने विचारलं, कुटं जायाचं? मी तोंड हलवत राहिले. बोटाने हवेत सोलापूर लिहिलं. पेन्सिल काढायला पिशवीत हात घातला, तोवर मागून कुणीतरी म्हणालं, मठातली हाय, सोडा तिला परत, पुण्य लागंल. दोघी-तिघींनी मला मायेने धरून उतरवलं. एकीने केळी दिली. पाया पडली.

कुणीही वाईट नव्हतं. कुणीच नव्हतं.

७ फेब्रुवारी

महिपती आला होता. पेढे घेऊन.

मानसिंगचं लग्न ठरलं, जेऊरची मुलगी. आणि नवल म्हणजे मी आल्या दिवसापासून त्याला एकदाही फिट आलेली नाही. वहिनीची डोकेदुखी गेली. घर कसं शांत झालंय, म्हणाला. बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.

मी कागदावर लिहिलं — माझा आवाज गेलाय. मला घेऊन चल. मी कुणाला काही सांगणार नाही.

त्याने वाचलं. दोनदा वाचलं. घडी घातली आणि खिशात ठेवली. मग खाली वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. त्याच्या रडण्याचा आवाज येत होता. त्याला आवाज आहे.

"पोराचं कल्याण झालं, अक्का," म्हणाला. "तू आता अशीच शांत ऱ्हा."

ठाऊक होतं त्याला. टोपी उडाली तेव्हाही ठाऊक होतं.

पेढा मी चौकात फेकला. मुंग्या लागल्यात.

९ फेब्रुवारी

इतिहास लिहायला बसले. त्या आईबद्दल लिहायचं होतं. भर — भर कुठे बोलली ती? राजा बसतो ती जागा. लोक उभे असतात. तो शब्द येईना.

मागची पानं उघडून पाहिलं. दरबार. दरबार. दरबार. वही मिटली की पुन्हा गेला.

११ फेब्रुवारी

अक्कम्माने माझी वेणी घातली. बायकांच्या ओवरीत माझं अंथरूण टाकलंय. मी नाही टाकलं.

भावाचं नाव — म — टोपीवाला. तो.

१३ फेब्रुवारी

नवी बाई आली. तरणी. नवऱ्याने आणलीय. मोठमोठ्याने बोलते, हसते. हिशेब लिहायचं काम मिळालंय म्हणते. माझ्या जुन्या खोलीत ट्रंक ठेवली. मला विचारलं, मावशी, खोली किती छान आहे ना?

मी तिचा हात धरला. ती हसली. हात सोडवला.

नवरा अजून इथेच आहे. उद्याच्या गाडीने जाईल. उद्या सकाळी तिला हे पान दाखवायचं. नीट लिहायचं. तिला वाचता येतं.

१४ फेब्रु

बाई, मी विजय — मी इथे होते. तुमच्यासारखी. बोलत होते.

इथे राहू नका. काम खोटं. तुमच्या त्याला सगळं ठाऊक आहे. त्याच्याकडे नका जाऊ. गाडीकडे जा. आवाज आहे तोवर जा, विचारलं तर सांगता येईल —

हळू नका जाऊ. ते दुसरं करा. पायांनी. जोरात. मागे न बघता. लहान मुलं करतात ते. त्याला एक शब्द आहे, छोटासा, दोन अक्षरं, मी मुलींना रोज — मैदानावर — ओरडून —

घंटा झाली. ती चौकात आलीय. माझ्याकडेच येतेय.

बाई, तो शब्द —

बाई, तुम्ही आत्ताच्या आत्ता