चतुर्थीचा घास

गुरुवार, १५ एप्रिल २०२१
श्रीराम. सुखरूप पोचलो. लेकीच्या हॅरिस पार्कच्या घरून साडेपाच तास, शेवटचा तास नुसता मातीचा रस्ता. सरकारी जंगल. फाटक नाही, पावती नाही, नळ नाही, संडास नाही. वाटेल तिथे तंबू ठोका, आसपास माणूस म्हणून नाही. जावईबापू गुरुदत्त फावडं दाखवून म्हणाले, आई, हे तुमचं बाथरूम. मी म्हटलं, मी खेड्यात वाढले, मला काय शिकवता. फुकट आहे म्हटल्यावर मला तर जागा आवडलीच.

पाणी चाळीस लिटर आणलंय, रोजचं दहा. भांडी ओढ्यावर. उर्वी चौदा महिन्यांची झाली, पण आज पहिल्यांदा अनवाणी मातीत चालली. तिच्याच वेळच्या बाळंतपणाला मी लीनाकडे आले आणि विमानं बंद झाली. हे मेमध्ये येणार होते. तिकडे पुण्यात लॉकडाऊन लागलं त्याच्या चौथ्या दिवशी झोपेतच गेले. शेजाऱ्यांनी अग्नी दिला. नात फोनवर पाहिली तेवढीच. कावळ्याला घास कोणी ठेवलाच नाही.

उद्या वर्षश्राद्ध. वेंटवर्थव्हिलचे गुरुजी झूमवर सांगतात, एकावन्न डॉलर घेतात. इथे रेंजच नाही. बरंच झालं, घास मीच ठेवीन.

शुक्रवार, १६ एप्रिल. चैत्र शुद्ध चतुर्थी
ओढ्याकाठी एक सपाट दगड आहे. त्यावर दहीभात आणि काळे तीळ ठेवले. लीना म्हणाली, अगं आई, बाबांचं नाव तरी घे, गुरुजी असते तर घ्यायला लावलं असतं. मी म्हटलं, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं पुरे. ती म्हणाली, म्हणजे बाबांनी पोस्टमनसारखं घर शोधत यायचं का. हसलो दोघी.

इथला कावळा थोराड, डोळे पांढरे, ओरडतो तान्ह्या मुलासारखा. आला, बसला, शिवेना. लीनाला सांभाळीन म्हटलं. पुण्याची जागा विकणार नाही म्हटलं. तासभर तसाच. मग यांचं काय राहिलंय ते मला उमगलं. लीना तंबूकडे गेलेली. मी हात जोडले.

“ज्यांचा घास त्यांनी घ्यावा. उर्वीला तुमच्या मांडीवर देईन.”

शब्द संपायच्या आत शिवला. खूप रडले. वर्षभराने दुपारी गाढ झोप लागली. काय कबूल केलं ते लीनाला सांगितलं नाही.

शनिवार, १७ एप्रिल
दगड स्वच्छ, तिळाचा दाणाही नाही. आज एकही पक्षी ओरडला नाही. उर्वी सकाळपासून दगडाकडे बघून हात वर करते, कडेवर घ्या म्हणून करते तसे.

आधी बरं वाटलं. आजोबाच ते, म्हटलं.

दुपारी भांडी घासताना पाठ वळली तेवढ्यात ती दगडापाशी गेली. उचललं तर फ्रॉक मागून ओला, गार. वास कुजलेल्या पानांचा. यांच्या अंगाला चंदनाच्या साबणाचा वास असायचा, चाळीस वर्षं तोच—

आजच घरी जाऊ म्हटलं. गुरुदत्त म्हणाले, वर पाऊस झालाय, वाटेतल्या ओढ्याला पाणी चढलंय, सकाळी निघू. लीनाने कपाळाला हात लावून ताप बघितला माझा.

उर्वीला माझ्याच पांघरुणात घेतलं. रामरक्षा म्हटली. मधेच विसरले. कधी विसरत नाही.

रविवार, १८ एप्रिल
उजाडता उजाडता दुसरा घास ठेवला. दिलेला शब्द परत द्या, पोरीऐवजी मला घ्या. कावळा नाही. भात तसाच.

सकाळी
आता कळलं. मी नाव घेतलंच नाही. ज्यांचा त्यांनी म्हटलं. घास कोणाचाही झाला. शब्दही—

लीनाला सांगितलं सगळं. पाणी उतरलंय. ती दोघं तंबू गुंडाळतायत, भराभर. उर्वी माझ्यापाशी. पदराला तिचा फ्रॉक बांधलाय. हे लिहून काढते म्हणजे—

पदराची गाठ सुटलेली

ती दगडावर. नाही, दगडावर नाही. दगडापासून वीतभर वर. मांडीवर बसावं तशी. पाय खाली लोंबतायत. झुलतेय. हसतेय.

ओरडले तर सोडून देईल की घट्ट धरेल—

लीना वळली. तिलाही दिसलं. धावतेय.

हेच असोत. देवा, हेच असोत. हे असले तर हाकेला वळतील. नाव घेतलं. मोठ्याने. पद्माकर.

उर्वीने बघितलं माझ्याकडे. तिला ज्याने धरलंय त्याने नाही. आता कोणीतरी तिचं तोंड हळूच पलीकडे वळवून—